किल्लीवाला माणूस

बेबी अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी बेबीच राहिली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासते, फ्रेमच्या मापाला आणते आणि बसवते. केसभर चूक झाली तर गिऱ्हाईक पायऱ्या उतरताना धडपडतं; तिच्या हातची काच आजवर परत आलेली नाही. मालक पुढे बसून गोड बोलतो आणि शाबासकी घेतो. अशा माणसांची तिला लहानपणापासून सवय आहे.

घरात ती आणि बाबा. बाबा ब्याऐंशीचे, कानाने अधू, जिभेने ठणठणीत. दादा दूरच्या शहरात मोठा इंजिनियर, आणि बाबांच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात हजर.

त्याच्या मोठेपणाचं मूळ एका व्हिडिओ गेममध्ये आहे, असं सांगितलं तर लोक हसतील. हसू देत.

गेम होता किल्लीवाल्या माणसाचा. अकरा मजल्यांचा मनोरा, तीन जीव, मध्ये थांबायची सोय नाही. मेलात की परत पहिल्या मजल्यापासून. गल्लीत कुणी सातव्याच्या वर गेलं नव्हतं. तेरा वर्षांची बेबी एका रविवारी दुपारी अकराव्यावर पोचली. समोर शेवटचं दार, मध्ये फिरणारी पाती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, "बेबी, पाहुणे आलेत, चहा टाक!"

दादा पलंगावर लोळत होता. वर्षाने मोठा, पण नापास होऊन तिच्याच वर्गात आलेला. त्याला अशी हाक कधी यायचीच नाही. बेबीने रिमोट त्याच्या हातात दिला. "नुसता धरून बस. हलवू नकोस, कोपऱ्यात पाती लागत नाहीत."

ती ट्रे घेऊन आली तेव्हा पडदा काळा होता आणि दादा पाहुण्यांपुढे नाचत होता. "संपवला! मी संपवला! दार उघडलं, आत राजा होता, त्याने मला मुकुट घातला!"

बाबांनी त्याची पाठ थोपटली. "ह्याला म्हणतात चिकाटी." दहा मजले कोण चढलं ते कुणी विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर पाहुण्यांच्या टाळ्या.

पोरखेळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण शाळा संपली आणि दोघांपैकी एकालाच बाहेर शिकायला पाठवणं जमणार होतं. मार्क बेबीचे जास्त होते. बाबा म्हणाले, "ही अर्धवट टाकून उठते. तो शेवट गाठतो. त्या गेमचं विसरलात?" आई भांडी घासत राहिली. आणि चीड येते ती याची, की बेबीलाही ते पटलं. पुढे मालकाने भागीदारी देऊ केली, तेव्हाही 'आपल्याच्याने शेवटपर्यंत निभायचं नाही' म्हणून ती नको म्हणाली.

गेल्या वर्षी माळा साफ करताना गेमचं ते यंत्र सापडलं. टीव्हीवाल्याने वायर बदलून दिली. मग दर रविवारी दुपारी बेबी टीव्हीपुढे बसू लागली. "ह्या वयात काय हे थेर!" बाबा शेजारच्या खुर्चीतून म्हणत. आठ महिने गेले. कधी पाचव्यावर मेली, कधी नवव्यावर.

परवाच्या रविवारी ती अकराव्यावर पोचली. पाती फिरत होती. काच घासायच्या चाकापुढे जन्म गेलेला, तिने फेरे मोजले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "बेबी, चहा टाक."

बेबी उठली नाही.

पाती पार झाली. दार उघडलं. आत राजा नव्हता, मुकुट नव्हता. एक खाट होती. माणसाने किल्ली खुंटीला अडकवली, आडवा झाला आणि झोपला. बस्स, एवढंच.

तिने दादाला फोन लावला.

"दादा, त्या किल्लीवाल्या गेमच्या शेवटी काय होतं रे?"

"आता हे काय मध्येच? राजा होता ना. मुकुट वगैरे."

"खाट आहे. मी आत्ता पाहिली."

पलीकडून दिलखुलास हसू. "पकडलंस! अगं, तू गेलीस आणि मी लगेच मेलो. तू बोंब मारशील म्हणून बंदच करून टाकला."

"मग बाबांना सांग तसं."

"आता? पस्तीस वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलीस, बेबी! चल, पाहुणे आलेत, ठेवतो."

बाबा तिच्याकडेच बघत होते. "दादा होता ना? काय म्हणाला?"

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "मी संपवला, बाबा! त्याने नव्हता संपवला! मी!"

बाबांनी सगळं नीट ऐकलं. समाधानाने मान हलवली.

"तेच म्हणतो मी. फोनवर त्याला विचारल्याशिवाय तुला जमलंच नसतं. टाक आता चहा."

बेबीने चहा टाकला. टीव्हीवर तो माणूस अजून झोपलेला होता. त्याला कुणी हाक मारत नव्हतं.