ट्रॉलीचं सुकाणू

घरापासून मी अजूनही लांबच आहे. कधी कधी पहाटे, अर्धवट झोपेत, माझे हात आपोआप स्टेअरिंग फिरवतात. समोर खाडी आहे की उसाचा फड, ते कळत नाही.

नव्वदनंतरचा काळ तो. शाळा सातवीतच सुटली होती. पुढं कोकणातलं गाव सोडून श्रीगोंद्याकडं ट्रॅक्टर शिकायला आलो. पुढं चालवणं जमलं, पण ट्रॉली मागं घेता येईना. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं, हे मंत्रासारखं पाठ होतं. पुटपुटत फिरवायचो आणि ट्रॉली काटकोनात आडवी! कारखाना सुरू व्हायच्या आत जमलं नाही तर मालक दुसरा ड्रायव्हर बघणार होते. शाळेसारखं इथूनही परत जायचं?

शिकवायला जुने ड्रायव्हर होते. मी त्यांना मामा म्हणायचो.

"आरं कोकण्या, त्वांड बंद ठिव आदी. गावाकडं काय हाकायचास?"

"होडी. वडलांबरोबर."

"ती कशी वळती?"

मी डोळे मिटले, सुकाणूची दांडी धरल्यासारखा हात हलवून पाहिला. हात उजवीकडं गेला आणि मनातली होडी डावीकडं वळली.

"उलटी," मी म्हणालो.

"मंग माज्या ट्रॉलीनंच तुजं काय घोडं मारलंय?"

फडावर धुकं होतं. उसाची पाती पाण्यासारखी हलत होती. मी पुटपुटणं सोडलं, मागं वळून नुसता बघत राहिलो. भरतीवर होडी सरकावी तशी ट्रॉली बांधाच्या कडेनं मागं गेली.

पहिली खेप कारखान्यावर नेली. सगळीकडं रसाचा गोड वास. ऊस उतरवायच्या जागेवर ट्रॉली मागं घ्यायची होती. निम्मी मागं गेली आणि मनात आलं, अरे, जमतंय की! तिथंच हात अडखळले. ट्रॉली वाकडी व्हायला लागली, होडी काही आठवेना. शेजारी मडगार्डवर बसलेले मामा दुसरीकडंच बघत होते. मी ब्रेक दाबला, थोडं पुढं घेऊन ट्रॉली सरळ केली. मग तोच जुना मंत्र एकदाच, सावकाश, मोठ्यानं म्हटला. हातांनी तो ऐकला आणि पुढचं त्यांचं त्यांनी केलं.

मामा खाली उतरले. "दुसरी खेप तूच आन. म्या च्या प्यायला चाललो," म्हणाले आणि बैलगाड्यांच्या गर्दीत दिसेनासे झाले.

मी त्या रिकाम्या मडगार्डकडं बघतच राहिलो. शेवटी मागून एक गाडीवान ओरडला, "आरं ए, निजला का काय? हल की म्होरं!"