मुलीसाठी टॉर्च

मुलगी नर्स आहे. तिची नेमणूक तालुक्याच्या दवाखान्यात झाली. तिथून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून आम्ही दोघं टॉर्च घ्यायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "हा न्या. कुणी अंगावर आलं तर सरळ डोळ्यांवर मारायचा. त्याला क्षणभर काही दिसत नाही, तेवढ्यात पळायचं."

मुलीनं तो माझ्याच तोंडावर धरला. सगळं पांढरंफेक झालं.

"बाबा, मी दिसते का?"

"नाही."

"मग हाच घेऊ," ती शांतपणे म्हणाली.

मी डोळे चोळत राहिलो. लहानपणी ती अंधाराला घाबरायची, तेव्हा मी दिवा लावून म्हणायचो, बघ, कोपऱ्यात कुणी नाहीये. आज तेवढं म्हणायचंही धाडस होईना.