डब्यातली गोळी

पॉइंट बावीसची गोळी डब्यातून सुटी विकत घेणाऱ्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटत नाही. कांदे तसे घ्यावेत. पिस्तुलात घालायची गोळी तशी घेऊ नये, एवढं सातवीत शाळा सुटलेल्या मलाही कळत होतं. आमच्या रायफल क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांना कळत नव्हतं, आणि ते बी.कॉम. होते.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. देवळाली कॅम्पच्या अलीकडे, गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध घातलेली आमची रेंज होती. मी चंद्रपूरकडचा. रस्त्याच्या कामावर मुकादमाबरोबर फिरत फिरत नाशकाला आलो आणि नशिबाने उस्तादांच्या हाती लागलो. उस्ताद म्हणजे तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. नोकरीभर हत्यारं दुरुस्त केलेली, मूळ गाव सिन्नरकडे. क्लबची हत्यारं त्यांच्याच ताब्यात असत. त्यांनी मला पिस्तूल उघडायला, पुसायला, जोडायला शिकवलं आणि रेंजमागची पत्र्याची खोली मिळवून दिली. त्या खोलीला खिडकी नव्हती, पण कडी आतून लागायची. मुकादमाच्या तंबूत झोपलेल्या माणसाला आतून लागणाऱ्या कडीची किंमत कळते. ही खोली आणि ही नोकरी जाईल, ही धास्ती मला कायम असे. कुलूप लावलं की नाही ते मी तीनतीनदा बघून येई. उस्ताद म्हणत, "अरे, कुलूप हाय ते, पळून नाय जायचं."

आधी क्लबात गोळी छोट्या खोक्यात यायची. पन्नास गोळ्या, प्रत्येक आपापल्या भोकात उभी. मग सेक्रेटरीसाहेबांनी कुठूनसे दोन मोठे डबे आणले. ट्रकची बॉडी बांधायचा कारखाना होता त्यांचा. तिथे खिळे डब्यातून यायचे, म्हणून गोळीही डब्यातून यावी असं त्यांना वाटलं असावं. डबा हलवला की खुळखुळ वाजायचा. साहेब तो हलवून सगळ्यांना ऐकवायचे. "भरपूर आहे, मारा हवी तेवढी!"

उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही गोळी वेगळी असती गड्या. हिच्या बुडाला मधोमध पेटवायची टोपी नाय. पेटणारा मसाला बुडाच्या काठात गोल फिरवून भरत्यात. घाईनं भरला की एका बाजूला लागतो, एका बाजूला नाय. पिस्तुलाची पिन कोरड्या बाजूवर पडली की नुसतं टक्." आणि दारू कमी पडली तर आणखी वेगळीच पंचाईत. पिस्तूल त्या गोळीच्याच धक्क्याने मागे सरकतं, रिकामी पुंगळी फेकतं आणि पुढची गोळी आत घेतं. धक्का अर्धा बसला की पुंगळी दारातच अडकून उभी राहते. रायफलीत माणूस हाताने काढतो, हाताने भरतो, म्हणून तिथे असली गोळी खपून जाते. पिस्तूल दुसऱ्याच्या कुचराईवर चालत नाही.

हे साहेबांना सांगायचं कोणी? उस्तादांनी एकदा सांगितलं. साहेब म्हणाले, "उस्ताद, तुमचा जमाना तोफांचा."

मग आली खंडेनवमी. शस्त्रपूजा आमच्याकडे दणक्यात व्हायची. साहेब सोवळं नेसून बसायचे. त्या वर्षी त्यांना वाटलं, नुसत्या पिस्तुलाची पूजा का? त्यांनी एक डबा फोडून सगळ्या गोळ्या परातीत ओतायला लावल्या आणि वर हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. त्या गोळीच्या शिशाला मेणचट थर असतो. कुंकू त्याला असं चिकटलं, की परातीत गोळ्या नव्हे, तिखटाची बोरं ठेवल्यासारखं दिसत होतं. लोकांनी हात जोडले. मीही जोडले.

त्या गोळ्या पुसायचं काम माझ्याकडे आलं. कोरड्या फडक्याने कुंकू निघेना, नुसतं फासलं जाई. पुढच्या रविवारी जिल्ह्याची स्पर्धा होती आणि साहेब स्वतः उतरणार होते. घाबरून मी फडकं हत्यारांच्या पातळ तेलात बुडवलं आणि एकेक गोळी पुसून लख्ख केली. उस्तादांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कानाखाली वाजवली असती, आणि ते योग्यच झालं असतं. पातळ तेल फटीतून आत जाऊन मसाला मारतं, हे मला पुढे कळलं.

रविवारी साहेब काळा चष्मा लावून उभे राहिले. पहिली गोळी सुटली. दुसरी, टक्. गोळी अडल्याचं सांगायला त्यांनी हात वर केला. मग अडकलेली पुंगळी. मग पुन्हा टक्. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "साहेब, सेल्फ मारा!" सगळे हसले.

साहेब चहाच्या टेबलाशी आले आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "या गधड्याने पिस्तूल साफच केलेलं नाही. उस्ताद, उद्या याला खोली खाली करायला सांगा."

मला कडी दिसली. आतून लागणारी.

उस्ताद काही बोलायच्या आत मीच बोललो. "साहेब, पिस्तूल साफ आहे. गोळ्या मी तेलाने पुसल्या, ते चुकलं माझं. पण दुसरा डबा सीलबंद आहे. त्याला ना कुंकू लागलं, ना माझा हात. तो मारून बघा."

"ऐकलंत? कबूल केलं!" साहेब टाळी वाजवून म्हणाले.

"अर्धंच ऐकलं साहेब तुम्ही," उस्ताद म्हणाले. "डबा आणा."

त्यांनी सगळ्यांदेखत पिस्तूल पुसलं, सील तोडलं, पाच गोळ्या भरल्या. पाचही सुटल्या, खडाखड. साहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू त्या गोळ्या त्यांनी स्वतः घडवल्या होत्या.

उस्तादांनी पुन्हा पाच भरल्या. पहिली सुटली. दुसरी, टक्.

ते जागचे हलले नाहीत. गोळी उशिरा पेटलीच तर म्हणून पिस्तुलाचं तोंड निशाण्याकडेच धरून सावकाश तीसपर्यंत मोजलं, मग गोळी बाहेर काढली. बुडाच्या काठावर पिनेची खूण स्वच्छ उमटली होती. ती खूण सगळ्यांना दाखवून त्यांनी एकेक गोळी भरायची जुनी रायफल मागवली, खूण दुसरीकडे फिरवून तीच गोळी आत घातली आणि चाप ओढला. धडाम.

"ह्या बाजूला मसाला हाय, त्या बाजूला नाय," उस्ताद म्हणाले. "आता पोरानं काय, जिभेनं चाटून भरावा?"

त्या डब्यातल्या आणखी दोन अडकल्या. मग खोक्यातल्या जुन्या गोळ्या त्याच पिस्तुलात घातल्या. एकही अडली नाही. माझ्या तेलाने पहिल्या डब्यातल्या किती मेल्या आणि किती जन्मतःच मेलेल्या होत्या, हे कधीच कळलं नाही. माझा वाटा होताच.

साहेबांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले ते उस्तादांशी. "मग हे आधी नीट समजावून नको का सांगायला?" आणि गाडीत बसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या लवकर ये. टार्गेटं बदलायची आहेत."

खोली राहिली. मी गाडीमागे चार पावलं पळालो आणि "हो साहेब, उपकार झाले साहेब" म्हणालो. उपकार त्यांचे नव्हते. ज्यांचे होते ते मागे बाकावर बसून, बिडी ओढत, माझं तेलाचं फडकं दोन बोटांत धरून माझी वाट बघत होते.