रमाबाई मासातलानला निघाल्या

शिकागोत जानेवारी महिन्यात जो माणूस आपलं बर्फ उपसायचं फावडं दुसऱ्याला देऊन टाकतो, त्याचं एकतर डोकं फिरलेलं असतं, नाहीतर तो काहीतरी लपवत असतो. १९९६च्या जानेवारीत रमाबाई गजभिये यांनी आमच्या दारात फावडं आणून ठेवलं. "दांडा नवा आहे, जपून वापरा," असं बजावलं आणि चहा न घेता निघून गेल्या. चहा न घेता! आमची नीलांबरी दार लावून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काहीतरी आहे." आमच्या संसारात नवरा-बायकोचं एकमत होतं ते अशाच वेळी.

रमाबाई मूळच्या नागपूरच्या, इंदोऱ्याच्या. नर्सिंग शिकून १९७१ साली इथे आल्या आणि एका मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात चोवीस वर्षं काढली. नवरा पोस्टात होता, तो वारल्याला सहा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा प्रफुल्ल क्युपर्टिनोत सॉफ्टवेअरमध्ये, सून अपर्णा. बाई उंचीला जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की सहा फुटी पेशंट ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मुकाट चालायला लागत. आमच्या लोकांत त्यांनी ताप बघितला नाही असं एक पोर सापडायचं नाही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी मला ज्या शब्दांत उभं केलं, ते शब्द इथे लिहिता येत नाहीत.

तर फावड्याचा छडा लावणं आलं. पुढच्या शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा घेताना बाई मला सापडल्या. त्यांना मी सरळ शेजारच्या मिठाईच्या दुकानात नेलं, समोर चहा ठेवला आणि विचारलं, "रमाबाई, खरं सांगा. माणूस कोण आहे?"

"कुठला माणूस?"

"ज्याच्यासाठी फावडं सोडलंत तो."

त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की जिलबी तळणारा वळून बघायला लागला. "दिगंबरराव, तुमच्या डोक्यात नुसता भुसा आहे. माणूस नाही हो, समुद्र आहे. मी मेक्सिकोला चाललेय राहायला. मासातलान म्हणून गाव आहे."

मला मेक्सिको म्हणजे वाळवंट आणि निवडुंग एवढंच ठाऊक. मग कळलं ते असं. हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर कार्मेन नावाची मेक्सिकन बाई होती. ती दोन वर्षांपूर्वी यांना दहा दिवस आपल्या बहिणीकडे घेऊन गेली होती. पॅसिफिकच्या काठावरचं शहर. पहाटे मासळी किनाऱ्यावर येते, बाजारात ओल्या मिरच्यांचे ढीग, घरोघरी मक्याच्या पातळ भाकऱ्या. "आणि तिथल्या उघड्या टॅक्सीला म्हणतात पुल्मोनिया. म्हणजे न्यूमोनिया! चोवीस वर्षं ज्याला पळवून लावलं, त्यातच बसून गावभर हिंडले." कार्मेनच्या बहिणीच्या माडीवर दोन खोल्या आणि गच्ची रिकामी होती. इथे हिवाळ्यात घर गरम ठेवायला जेवढं जातं, तेवढ्यात तिथलं भाडं निघत होतं. रमाबाई वर्षभर लायब्ररीत जाऊन स्पॅनिश शिकत होत्या. मेक्सिकन वकिलातीतून राहण्याचे कागदही आले होते.

"आणि प्रफुल्ल?" मी विचारलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "त्याला सांगितलंय. त्याने ऐकलेलं नाही."

"त्याचंही चुकत नाही हो. या वयात..."

"या वयातच. बापाने नर्सिंगच्या हॉस्टेलवर घातलं, तिथे राहिले. हॉस्पिटलचं पत्र आलं, इथे आले. घर घेतलं ते यांच्या पोस्टापासून जवळ म्हणून. बासष्ट वर्षं झाली, राहायची जागा मी एकदाही स्वतः निवडलेली नाही. आता निवडलीय. आणि हे कुणाला बोलू नका."

"मी? छे!"

संध्याकाळपर्यंत फक्त चार घरी कळलं होतं. त्यातल्या एका घरून क्युपर्टिनोला फोन गेला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर प्रफुल्ल माझ्या कानाशी.

"काका, तुम्ही समजवा ना तिला. अपर्णा जूनमध्ये ड्यू आहे. आम्ही आईची रूम रेडी केलीय, वेगळा टीव्ही लावलाय. मेक्सिको काय यार... सॉरी, काका."

पोराचा काही दोष नव्हता. आमच्याकडे आई रिटायर झाली की पुढचं कुणी विचारतच नाही. मुलाच्या घरी एक खोली, नातवाची बाबागाडी, वरणभात, वर्षाआड एक इंडिया ट्रिप. आमची नीलांबरी वेस्ट विंडसरला लेकीकडे सहा-सहा महिने राहून येते. "फार छान झालं" म्हणते आणि तीन दिवस झोपून काढते.

आता या गोष्टीत धर्मराज मेश्राम येतो. धर्मराज आमच्या बौद्ध मंडळाचा अध्यक्ष, इंजिनियर, आणि मानपत्रांचा भारी शौकीन. कुणी रिटायर झालं, कुणी सिटिझन झालं, कुणाचं पोर डॉक्टर झालं की निघालं मानपत्र. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात रमाबाईंना निरोप द्यायचा असं त्याने ठरवलं. प्रफुल्लने त्याला फोनवर सांगून टाकलं होतं, "आई आमच्याकडे शिफ्ट होतेय, तिकीट काढलंय." मजकूर लिहायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे.

खरं काय ते मला माहीत होतं. पण मी विचार केला, ऐंशी-नव्वद माणसांसमोर वाचलेलं, अंगावर शाल, डोळ्यांत पाणी, अशा वेळी कोण नाही म्हणतं? बाई विरघळतील, पोराची सोय होईल. म्हणून मी लिहिलं: 'नातवंडांच्या बोबड्या बोलांत उर्वरित आयुष्य व्यतीत करण्यासाठी आपण क्युपर्टिनोस प्रयाण करीत आहात.' नातवंड अजून जन्मायचं होतं, पण मानपत्रात एवढं चालतं.

चौदा तारीख रविवारी आली. शाळेचा हॉल, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, वंदना. प्रफुल्ल विमानाने आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता. धर्मराजने रमाबाईंना शाल घातली, घसा साफ केला आणि मानपत्र वाचलं. क्युपर्टिनोच्या ओळीला टाळ्या पडल्या. त्याने फ्रेम पुढे केली. बाईंनी हात पुढे केलेच नाहीत. त्यांनी माइक घेतला.

"जयभीम. धर्मराज, वाचलंत छान. पण हे मानपत्र माझं नाही."

धर्मराजचा फ्रेम धरलेला हात तसाच पुढे राहिला.

"वॉर्डात औषध देण्याआधी आम्ही पेशंटच्या मनगटावरचं नाव वाचायचो. जुळलं नाही तर औषध परत. या कागदावर कुणीतरी क्युपर्टिनोला निघालेली बाई आहे. मी मासातलानला चाललेय, मेक्सिकोत. कायमची."

प्रफुल्ल ताडकन उठला. "आई, प्लीज. इथे नको. घरी बोलू."

"घरून सात वेळा बोलले. तू दर वेळी 'ओके, आई' म्हणालास आणि फोन ठेवलास. चार माणसांत जाहीर करायचं तूच ठरवलंस, आता चार माणसांत ऐक."

"मेक्सिको? दॅट्स सो कूल, मावशी!" मागून धर्मराजची कॉलेजातली मुलगी हर्षिता ओरडली. बापाने डोळे वटारले, पण बाकीची पोरंपोरी खिदळायला लागली होती.

रमाबाईंनी तसबिरीकडे बोट केलं. "यांच्यासमोर उभं राहून दुसऱ्याने ठरवलेलं आयुष्य माझं म्हणून घरी नेऊ? ते जमणार नाही." मग त्यांची नजर माझ्यावर आली. "अक्षर दिगंबररावांचं आहे. त्यांना जानेवारीपासून सगळं माहीत आहे."

नव्वद माना माझ्याकडे वळल्या. मी वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"या वर," बाई म्हणाल्या. "पेन आणा."

धर्मराजने जेवणाच्या टेबलावरच्या सुरीने फ्रेमची मागची बाजू उचकटली. मी सगळ्यांदेखत ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'समुद्राकाठी स्वतःच्या घरात राहण्यासाठी मासातलानला.'

"बाजूला सही करा," बाई म्हणाल्या. "खाडाखोड केली की सही लागते. वॉर्डाचा नियम आहे."

मी सही केली. तेव्हा कुठे त्यांनी फ्रेम हातात घेतली. यावेळी टाळ्या आधी बायकांच्या बाजूने आल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने नीलांबरी वाजवत होती, हे मी बघून ठेवलं.

प्रफुल्ल बाहेर पार्किंगमध्ये गेला होता. बाई त्याच्या मागे गेल्या. माझंही गाडीत काहीतरी राहिलं होतं.

"लोक म्हणतील, मुलगा सांभाळत नाही म्हणून आई मेक्सिकोला गेली," प्रफुल्ल म्हणत होता.

"म्हणतील. दिगंबरराव त्या गाडीमागून ऐकतायत, तेच सुरुवात करतील."

"अपर्णाला काय सांगू?"

"अपर्णाला मी मार्चमध्येच सांगितलंय. बाळंतपणाला येते, सहा आठवडे राहते, बाळाला न्हाऊ घालते, तिला शेक देते आणि जाते. ती म्हणाली, आई, माझी आई पण येणार आहे, तुम्ही दोघी एका किचनमध्ये सहा आठवडे म्हणजे खूप झालं."

"मला बोलली नाही ती."

"तू विचारलंस?"

तो म्हणाला, "आजारी पडलीस तर?"

"पडेन. तिथे डॉक्टर आहेत."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर परत येईन. मी ठरवून. तू बोलावलंस म्हणून नाही. कोट कुठाय तुझा? एवढ्या थंडीत तसाच उभा." त्यांनी अंगावरची निरोपाची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली. तो रडला की नाही ते मला दिसलं नाही. मान अजून लांब काढली असती तर दिसलंच असतं.

जूनमध्ये नात झाली. रमाबाई सहा आठवडे राहिल्या. एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही. ऑगस्टमध्ये घर विकलं आणि सप्टेंबरात दोन बॅगा घेऊन गेल्या.

डिसेंबरात प्रफुल्ल, अपर्णा आणि बाळ तिथे जाऊन आले. परतल्यावर त्याने मला फोन केला. मी विचारणारच होतो.

"काका, ती पाचला उठून समुद्रावर जाते. आठला बाजार. दुपारी अंगणात गल्लीतल्या बायका बीपी मोजून घ्यायला बसलेल्या असतात. मला म्हणाली, तुम्ही आलात, बरं वाटलं, पण मंगळवारी मला वेळ नाही."

"मग?"

"मग काय, मंगळवारी आम्ही तिघं बाहेर जेवलो. निघताना विचारलं, येतेस का आमच्याबरोबर? म्हणाली, नाही. एअरपोर्टवर सोडायला आली होती. आत गेल्यावर मागे बघितलं, मला वाटलं रडत असेल."

"रडत होती?"

"नाही. दारातल्या पोलिसाशी हुज्जत घालत होती, स्पॅनिशमध्ये. बाळाला शेवटचा टाटा करायला तिला अजून दोन पावलं आत यायचं होतं."

"मग आली?"

"आईला कोण अडवणार, काका," प्रफुल्ल म्हणाला. आणि बऱ्याच दिवसांनी मी त्याला हसताना ऐकलं.