आरतीआधीच चिरडलेलं लिंबू

नजरबाद या आमच्या वस्तीतल्या उतारावरून एक आजी रोज सकाळी फिरायला जातात. साडीखाली बूट, अंगात स्वेटर, आणि वाटेतल्या प्रत्येक गाडीला एक थाप. नाव मी कधी विचारलं नाही; मला त्या कानडीत ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमची नवी इलेक्ट्रिक गाडी दारात होती. ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर, टाकली की पुरे, हँडब्रेक कशाला, असं मीच बायकोला ठासून सांगितलं होतं. तिनं आरतीनंतर चिरडायचं लिंबू चाकापुढे ठेवलं, मी ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी उतारावर किंचित सरकली. आरतीआधीच लिंबू चिरडलं.

“अपशकुन झाला. मी नाही बसणार हिच्यात,” बायको म्हणाली. वर्षभर तिनं या गाडीची वाट पाहिली होती. मला मान वर करवेना.

थाप मारायला थांबलेल्या आजी खळखळून हसल्या. “अय्यो तम्मा, गाडीलाच घाई झाली की रे! दृष्ट दोनदा काढू, त्यात काय?” त्यांनी स्वेटरच्या खिशातून लिंबू काढून बायकोच्या हातात दिलं. मी हँडब्रेक गच्च ओढला.

आरती झाली. बायकोनं आधी आजींना मागे बसवलं, मग स्वतः बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी हलेना.

“तम्मा,” मागून आवाज आला, “आता तरी तो ब्रेक सोड की!”

सगळ्यांत मोठ्यानं बायको हसली.