काकांची न घेतलेली बंदूक

आमच्या भिंतीपलीकडच्या काकांइतका सावध माणूस अख्ख्या बदलापुरात सापडणार नाही, आणि नेमक्या त्यांच्याच हाती बंदूक देणं धोक्याचं आहे असं वाटावं, असा जबाब मी पोलिसांना दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण काकांच्या गमती मी आजवर पुष्कळांना हसत हसत सांगितल्या आणि दर वेळी एवढा भाग गाळला. काका-काकू सध्या नाशिकला लेकीकडे असतात. घर विकलेलं नाही, पण कुलूप आहे, आणि पलीकडून आवाज येत नाही याची मला अजून सवय झालेली नाही.

काका अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होते. कंपनीने त्यांना निवृत्त केलं, तरी त्यांची ड्युटी संपली नाही. बारवी रोडला आमच्या रो-हाउसची ओळ आहे, त्यात त्यांचं आणि माझं घर एकाच भिंतीने जोडलेलं. त्यांच्या जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीला पिवळा पट्टा होता, सिलिंडरवर खडूने बदलल्याची तारीख होती, आणि सत्यनारायणाला आलेल्या प्रत्येकाला तीर्थप्रसादाआधी मागचं दार कुठे आहे ते दाखवलं जाई. "समई कलंडली, पडदा पेटला, तर? सगळे पुढच्याच दाराला धावणार." एकदा त्यांनी भटजींनाही पाटावरून उठवून मागचं दार उघडून बघायला लावलं. काकू पदराआड हसत म्हणाल्या, "ह्यात काय नवीन? अंतरपाट धरला तेव्हा ह्यांनी मामांना विचारलं होतं, कापड सुती आहे की नायलॉन."

काकूंचं हे हसणं एका दुपारी थांबलं. काका बँकेत गेले होते. पाण्याचा मीटर बघायचाय म्हणून दोघे जण आत शिरले. काकूंनी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि काका येईपर्यंत, म्हणजे चांगले दोन तास, त्या तिथे उभ्या होत्या. चोरीला गेलं ते फार नव्हतं. पण तेव्हापासून त्या भर दुपारी दारं-खिडक्या लावून बसू लागल्या. काका मात्र सगळा दोष स्वतःकडे घेत. "मीटर बघायला दोन माणसं लागत नाहीत, हे मी तिला शिकवायला हवं होतं." लेक म्हणाली, घर विका आणि नाशिकला या. काकूंचं माहेर इथलंच, कुळगावचं, भातशेतीवालं. त्यांचा पाय निघेना. "मला हे घर सोडवत नाही आणि ह्या घरात बसवत नाही," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. तेव्हा काकांनी बंदूक घ्यायचं ठरवलं.

ज्या माणसाने दिवाळीला फुलबाजीखेरीज काही पेटवलं नव्हतं, तो बंदूक कशी निवडणार? काकांनी त्यासाठी दोनशे पानी वही केली. परवान्यासाठी लागतं ते प्रशिक्षण घेतलं. बंदुकीआधीच दोन कुलपांचं लोखंडी कपाट भिंतीत ठोकून घेतलं आणि काडतुसांसाठी वेगळ्या खोलीत वेगळी पेटी. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडे मला सोबत नेलं. त्याने काउंटरवर एकनळी बंदूक ठेवली, पण काका हात लावीनात.

"रिकामी आहे?"

"खाली है, साईं."

"तुम्ही बघितलं का?"

"सुबह देखा ना!"

"आता बघा."

त्याने उघडून दाखवली, मग काकांनी स्वतः बघितली, मग मला बघायला लावली. नंतर त्यांनी विचारलं की हिचा बार चार इंची विटेच्या भिंतीतून पलीकडे जाईल का. दुकानदाराने कोपरापासून हात जोडले. "काका, सब लोग पूछते हैं, कितना दूर जाती है. कुठे थांबते, असं विचारणारे तुम्ही पहिलेच."

रिव्हॉल्व्हर त्यांनी वहीतून खोडलं, कारण त्याची गोळी सबंध सुटते आणि ती भिंतीपलीकडे जाण्याची धास्ती. त्यापेक्षा बारीक छऱ्यांची एकनळी बरी. पण ती लांब. जिन्याच्या वळणावर वळेल का? म्हणून त्यांनी तेवढ्याच लांबीचा पीव्हीसी पाइप कापला, वजनासाठी त्यात वाळू भरली आणि तो घेऊन ते महिनाभर घरात हिंडले. मधूनच "खाली!" असं ओरडत, म्हणजे काकूंनी कपाटाच्या आडोशाला बसायचं. हातातला झारा घेऊन काकू बसतही. मग एक दिवस ते आमच्या बेडरूममध्ये आले आणि बोटांच्या पेरांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून म्हणाले, "चारच इंची आहे. बिल्डरने नऊ सांगितली होती. तुमचा पलंग इथून हलवा."

ते गेल्यावर बायको उसळली. "बंदूक ते आणणार आणि पलंग आपण हलवायचा?"

त्याच आठवड्यात काकांच्या परवान्याच्या अर्जाची चौकशी करायला हवालदार आले. रविवार होता. मी चहा ठेवला. त्यांनी विचारलं, शेजारी कसे आहेत? मी सांगितलं: पाइप घेऊन घरभर फिरतात, बायकोवर ओरडतात, आमच्या भिंती ठोकून बघतात. एकही वाक्य खोटं नव्हतं. कशासाठी करतात, तेवढं मी सांगितलं नाही. बायकोचा राग होता, शेजारी बंदूक येण्याची भीती होती, आणि खरं सांगायचं तर हवालदार माझं बोलणं लिहून घेत होते याचं मला बरं वाटत होतं. मी सही केली.

चार महिन्यांनी काकांचा अर्ज नामंजूर झाला. पत्रात शेजाऱ्यांच्या जबाबाचा उल्लेख होता, नाव नव्हतं. काकांनी ठरवूनच टाकलं की हे काम कोपऱ्यावरच्या गृहस्थांचं, कारण ते काकांनी आगीसाठी भरून ठेवलेल्या वाळूच्या बादल्यांपुढे स्कूटर लावत आणि त्यावरून दोघांची जुंपली होती. काकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, त्यांच्या नातवाच्या बारशालाही गेले नाहीत. मी गप्प राहिलो. तिकडे घर बघायला दलाल येऊ लागले.

मग एका सकाळी काकांनी मला बोलावलं. "अरे, तुझं मराठी चांगलं. अपील लिहून दे. जबाब कसा खोटा आहे, ते नीट मांड."

मी कागद घेतला. 'उपरोक्त जबाब' एवढं लिहिलं आणि पेन पुढे जाईना.

"काका, तो जबाब कोपऱ्यावाल्यांचा नाही. माझा आहे."

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. "काय काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं.

"पाइपात वाळू का भरली होती, ते?"

"नाही."

"भिंत का ठोकली?"

"नाही."

बराच वेळ ते डबीचं झाकण उघडत-मिटत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझं काय, मी आणखी एक अर्ज करीन," ते म्हणाले. "तू आत जा. तिला सांग. दारं लावून ती बसते."

काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि त्यांनी दिवा लावलेला होता. मी समोर फरशीवर बसलो. त्यांनी सवयीने एक जुडी माझ्याकडे सरकवली. ती हातात धरूनच मी म्हणालो, "काकू, परवाना माझ्यामुळे गेला. काका आमच्या जिवासाठी भिंत ठोकत होते आणि मी तेच त्यांच्याविरुद्ध सांगितलं. कोपऱ्यावाल्यांकडे आजच जातो, पोलिसांना नवा जबाबही लिहून देतो. पण आधी तुम्हाला सांगायचंय. तुम्ही असं दिवसाढवळ्या कोंडून घेऊन बसता, त्यातले हे एवढे महिने माझे आहेत. माझं चुकलं. मला माफ करा."