ट्रकमधलं पाणी

ओल्या गाळाचा वास आला की मला भूकंपानंतरचं जपानमधलं उरायासु शहर आठवतं. जमिनीतून गाळ वर येऊन रस्ते भरले होते, नळ कोरडे होते आणि मुलगी सहा महिन्यांची होती. इमारतीखाली एक सुटातला म्हातारा ट्रकमधून पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मी वाकून आभार मानले, दोन बाटल्या घेतल्या आणि एक शेजारच्या आजींना द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला. “हा पाणी वाटणारा पूर्वी बंदरावर हमाल होता. हप्ता दिला नाही म्हणून यानं आमचं दुकान जाळलं. माझे यजमान आत होते. असाच टोळीचा म्होरक्या झाला तो.” मी घरी येऊन त्याच पाण्यात मुलीच्या दुधाची पावडर कालवली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या ट्रकपुढच्या रांगेत उभी असताना आजींनी मला पाहिलं. पुढे त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत, आणि त्यात मला आजही त्यांची चूक दिसत नाही.